डोहाकाठचा सपाट दगड

पातूर, ११ डिसेंबर, संध्याकाळ

मळ्यातला जुना हौद फोडून ह्यांनी तिथं डोंगरातल्यासारखा डोह केला. खडक, नेचे, झिरपतं पाणी. काठचा सपाट दगड तेवढा शोभत नाही, म्हणून उद्या काढणार होते. त्याच दगडावर बसून सासूबाईंनी जन्मभर बाजारात विकायची मेथी धुतली.

आज डोहाचे फोटो काढणाऱ्या पाहुण्यांदेखत त्या टोपली घेऊन तिथंच बसल्या. हे वैतागले. “माय, काहून धुऊन राहिली? मेथी लावणं तर आपण कवाच सोडलं.”

“दगड उद्या जाते ना? आज धुऊ दे.”

मग टोपलीतली मेथी कुठली? बाजारातून विकत आणलेली! जन्मभर मेथी विकलेल्या बाईनं!

हे पँट वर करून पाण्यात उतरले, सासूबाईंनी धुतलेली जुडी झटकून टोपलीत ठेवू लागले.

आत्ता दगड काढायला येणाऱ्या मजुराला फोनवर म्हणाले, “उद्या नको येऊ, बापा.”