परतीच्या वेळेचा रकाना

प्रति,
मा. अधीक्षक,
कॉरिश नदी मासेमारी मंडळ,
किनलॉर्न, उत्तर स्कॉटलंड.

अर्जदार: मर्डो गिलँडर्स, गिली (मासेमारीचा वाटाड्या), परवाना क्र. ४१, राहणार वरचा पूल, किनलॉर्न.

विषय: दि. ९ मे रोजीच्या सॅल्मन व ट्राउट सहलीचा, मीच तयार केलेला नियोजन तक्ता नामंजूर होण्याबाबत.

संदर्भ: १) गिलीसोबतच्या प्रत्येक सहलीचा तक्ता एकवीस दिवस आधी सादर करण्याबाबत मंडळाचे परिपत्रक.
२) गेल्या वर्षी ९ मे रोजी झालेल्या अपघाताबाबतचा माझा जबाब.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सादर करतो की, सोबतचा तक्ता मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, शाईने भरला आहे. डोह, वेळा, गळाला लावायच्या पिसांच्या माश्या, जेवण, सर्व तपासले आहे. तक्त्यात एकही चूक नाही. तरी तो नामंजूर करावा, ही विनंती.

२. मी चौतीस वर्षे या नदीवर पाहुण्यांना मासे धरायला नेतो. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष दोरीच्या टोकाशी असते. तळाकडे गिलीने पाहायचे असते. एक फेक, एक पाऊल, अशी आमची रीत आहे. गिली काठावरून "पाऊल" म्हणतो, पाहुणा प्रवाहाच्या दिशेने एक पाऊल सरकतो आणि पुन्हा गळ फेकतो. पाद्र्याच्या डोहात, वरच्या रोवनच्या झाडापासून मोजल्यास, अशी एकतीस पावले आहेत. बत्तिसावे नाही. तिथे तळाच्या खडीची कड तुटते आणि पाणी एकदम खोल होते. डोहाच्या तोंडाशी एक दगड आहे, त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. म्हातारीचे खांदे भिजले की कोणालाही विसाव्या पावलाच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. हे मंडळाच्या नियमात नाही, परंतु नदीवरच्या प्रत्येक गिलीला ठाऊक आहे.

३. संदर्भ क्र. २ प्रमाणे, मि. जेरल्ड हेस्केथ, वय ६८, राहणार यॉर्क, हे गेल्या वर्षी सकाळी ११.४० वाजता पाद्र्याच्या डोहात स्वतःहून पाऊल पुढे टाकून वाहून गेले. ते दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी सापडले. मंडळाने माझा जबाब ग्राह्य धरला आणि माझ्याकडून कसूर झालेली नाही असे मला लेखी कळवले.

४. हेस्केथसाहेब अकरा वर्षे दर मे महिन्यात माझ्याकडेच येत. या अकरा वर्षांत त्यांनी ट्राउट पुष्कळ धरले, सॅल्मन एकही नाही. त्यांना त्याचे दुःख नव्हते. मला होते. गिलींच्या झोपडीत किटली ठेवली की दुसरा गिली टेविश सुरू होई, "मर्डो, तुझ्या साहेबांनी पाद्र्याच्या डोहात ट्राउटांची शाळा काढलीये म्हणे. हेडमास्तर तूच ना?" बाकीचे हसत. मीही हसे. अपघाताच्या आदल्या दिवशीही हसलो होतो. हा मजकूर प्रस्तुत अर्जाशी संबंधित आहे. कसा, ते पुढे येईल.

५. गेल्या महिन्यात श्रीमती ऑड्री हेस्केथ स्वतः येथे आल्या. त्यांनी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही. परिपत्रकानुसार पाहुण्याची इच्छा "शक्य तितकी शब्दशः" नोंदवायची असल्याने संभाषण देतो.

बाई म्हणाल्या, "मर्डो, मला तीच सहल हवी. त्याच तारखेची, त्याच वेळांची. त्याला जे दिलंत तेच सगळं."

मी म्हणालो, "बाईसाहेब, मे महिन्यात पाणी फार गार असतं. काठावर बसून बघा ना. मी खुर्ची आणतो."

"खुर्चीत मी वर्षभर बसलेच आहे."

मग त्या म्हणाल्या, "त्याने अख्खी नोकरी रेल्वेचे सिग्नल तपासण्यात काढली, माहितीये ना तुम्हाला? रस्त्यावर एकसुद्धा गाडी नसायची, तरी हा लाल दिव्यापुढे उभा. पावसात. मी पलीकडे पोचून हाका मारतेय, 'अरे ये ना बाबा, कोण बघतंय?' तर म्हणायचा, 'दिवा बघतोय.' तो माणूस स्वतःहून पुढे गेला?"

मी म्हणालो, "पाण्यात माणसाला भान राहत नाही."

"राहत नसेल. पण मला तिथे उभं राहून बघायचंय. त्याने काय बघितलं असेल ते."

६. त्यावरून केलेला तक्ता संक्षेपाने असा:

८.३० झोपडीत चहा, ओटच्या भाकऱ्या, चीज.
९.०० लांब डोह. ट्राउटसाठी. (साहेबांना तीन मिळाले होते.)
१०.१५ थर्मासमधले बार्लीचे सूप. (साहेबांनी अर्धे मला दिले होते.)
१०.४० पाद्र्याचा डोह. सॅल्मनसाठी. रोवनच्या झाडापासून सुरुवात.
११.४० बत्तिसावे पाऊल.

मी विचारले, "यापुढे काय लिहू, बाईसाहेब?"

त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी यापुढे काही होतं का?"

७. "परतीची वेळ" हा रकाना त्यांनी माझ्या हातातून कागद घेऊन स्वतः रेघ ओढून बंद केला आहे. "सहलीचा उद्देश" या रकान्यात सॅल्मन, ट्राउट व दोन्ही असे तीनच पर्याय छापलेले आहेत. त्यांनी दोन्हीवर खूण केली. त्यांना नकार देण्याचा अधिकार मला नाही. पाहुण्याने नावाने मागितलेला गिली आजारपणाखेरीज नकार देऊ शकत नाही, असा नियम आहे. मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "मर्डो, तुझं काळीज घोड्याचं आहे, घरी जा." तेव्हा आजारपणाचा मार्गही बंद झाला. टेविशने जावे अशी विनंती केली असता तो म्हणाला, "त्या बाईंच्या डोळ्यांत बघायचं? मला नको रे बाबा. तूच जा, तुझ्याकडे मंडळाचं पत्र आहे." तो हसत नव्हता.

७ (अ). अपूर्ण रकान्यामुळे तक्ता आपोआप बाद होईल असे प्रथम वाटले होते. परंतु मंडळाच्या कचेरीतील इशबेलबाईंनी सांगितले, "रेघ मारलीये म्हणजे भरलाय. कोरा असता तर परत केला असता." सबब हा अर्ज.

८. शुद्धिपत्र. संदर्भ क्र. २ मधील माझ्या जबाबात खालीलप्रमाणे दुरुस्ती करावी.

ओळ ४ मध्ये "पाणी नेहमीइतके होते" याऐवजी "पाणी अर्ध्या तासापासून चढत होते, पालापाचोळा आणि फेस वाहून येत होता, म्हातारीचे खांदे बुडाले होते, आणि मी ते पाहिले होते" असे वाचावे.

ओळ ६ मध्ये "पाहुण्यांनी स्वतःहून पाऊल पुढे टाकले" याऐवजी "मी पाऊल म्हणालो" असे वाचावे.

ओळ ७ मध्ये "आमच्यात बोलणे झाले नाही" याऐवजी पुढील मजकूर वाचावा: डोहाच्या शेपटाशी मोठा सॅल्मन पाण्यावर पाठ काढून गेला. एकतिसाव्या पावलावरून गळ तिथवर पोचत नव्हता. मी म्हणालो, "अजून एक, साहेब." ते थांबले. मागे वळून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." मग त्यांनी पाऊल टाकले.

ओळ ८ मध्ये "मी ओरडून थांबवण्याचा प्रयत्न केला" हे वाक्य वगळावे. मी मासा पाहत होतो.

ओळ ११ नंतर, जबाबात नसलेला मजकूर वाढवावा: साहेबांची गळाची काठी अर्ध्या मैलावर, काठच्या आल्डर झाडाच्या मुळांत अडकलेली मला सापडली. दोरी ताणलेली होती. गळाला सॅल्मन होता, जिवंत, साडेचौदा पौंडांचा. जूनपर्यंत धरलेला प्रत्येक सॅल्मन सोडायचा असा नियम असल्याने मी तो नियमाप्रमाणे सोडला. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांनी आधार देऊन, तो सावरेपर्यंत धरला. त्याला बराच वेळ लागला. साहेब त्या वेळी अजून सापडलेले नव्हते. संध्याकाळी नोंदवहीत तो मासा त्यांच्या नावावर मीच चढवला.

९. आता माझी मूळ विनंतीही अपुरी वाटते. तक्ता मंजूर झाला तर ९ मे रोजी ११.४० ला मला काठावर उभे राहून त्या बाईंना "पाऊल" म्हणावे लागेल, आणि त्या टाकतील. नामंजूर झाला तर त्या एकट्या येतील. नदीचे तिकीट गिलीशिवायही मिळते, आणि पाण्यात उतरायला त्यांना माझी गरज नाही. त्यांना हवे आहे ते पाण्यात नाही. ते परिच्छेद ८ मध्ये आहे.

म्हणून विनंती अशी की, नामंजुरीच्या पत्रात कारण म्हणून "तक्ता अपूर्ण" असे न लिहिता परिच्छेद ८ जसाच्या तसा उतरवावा. माझ्यावर जी कारवाई होईल ती मान्य आहे. परवाना मूळ स्वरूपात परत करीत आहे. त्याची पोच नको.

१०. इशबेलबाईंकडे चौकशी केली असता मंडळाचे उत्तर निघण्यास अठ्ठावीस दिवस लागतात असे समजले. ९ मे तेवीस दिवसांवर आहे.

कळावे,

आपला नम्र,
मर्डो गिलँडर्स
किनलॉर्न, दि. १६ एप्रिल

सोबत: १) नियोजन तक्ता. २) मंडळाचे "कसूर नाही" हे पत्र. ३) परवाना क्र. ४१.

प्रत: श्रीमती ऑड्री हेस्केथ, यॉर्क. आज सकाळच्या टपालाने रवाना. मूळ अर्ज त्यांना पाठवला आहे. आपल्या हाती आहे ती प्रत.