माझा ऐच्छिक विषय

तलासरी,
३ ऑक्टोबर २०१८

आदरणीय वकीलकाका,

सा. न. वि. वि. तुम्ही आणि आनंदीकाकू बरे असाल. मी मजेत. पालघरला कॉलेजात जाऊन-येऊन करते. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण आहे.

शेवटच्या वर्षाला ऐच्छिक विषय कुठले घेऊ, असं जूनमध्ये मी विचारलं होतं. तुम्ही किती मायेनं कळवलंत! मुंबईत नोकरी हवी तर कंपनी कायदा नि बँकिंग घे, नवरा-बायकोची भांडणं चालवायची तर कुटुंब कायदा. जमीन कायद्याच्या नादी लागू नकोस, जन्मभर तहसीलच्या पायऱ्या झिजवशील.

मी जमीन कायदाच घेतला.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, गावातला एकेक सातबारा आणा, वाचायला शिकवतो. आमच्या घरचा कुठला असायला? म्हणून वेवजीतल्या तुमच्या चिकूवाडीचा काढला. मालक कोण, तर लहान्या धोडी. माझा बा! वीस वर्षं त्याच वाडीला पाणी लावता लावता मेला, तुमचा गडी म्हणून.

नावं कशी बदलत गेली, तो जुना फेरफारही काढला. जमीन जिवली आत्याची. आदिवासीची जमीन कायद्याने तुमच्या नावावर चढेना, म्हणून बाचा अंगठा पुढे केलात. कागदावर बाचं नाव बघून आत्याला वाटलं, सख्ख्या भावाने गिळली. वीस वर्षं बोलली नाही, मयतालाही आली नाही. बा कधी तोंड उघडायचा नाही, नुसता प्यायचा. आणि मी तुमच्या घरी जेवून त्यालाच शिव्या घालायचे. याची मला लाज वाटते, काका. तुम्हाला मी कधीच माफ करणार नाही.

बा गेल्यावर तुम्हाला वाडीवर काळ्याचं नाव हवं होतं, तो तुमचा नवा गडी. त्यासाठी गेल्या महिन्यात आधी वारस म्हणून माझं नाव लावून घेतलंत. सगळं ठाऊक असून मी मुद्दाम गप्प राहिले. मग काळ्याच्या नावाचा कागद पाठवलात, म्हणे नुसती सही कर.

सही केली, पण दुसऱ्या कागदावर. परवा आत्याला घेऊन रजिस्ट्रारकडे गेले आणि वाडी तिला बक्षीस लिहून दिली.

कोर्टात जा की! फक्त तिथे उभं राहून सांगावं लागेल, वाडी माझी, नाव गड्याचं. तुमचं तोंड बघायला मी पहिल्या बाकावर बसेन.

आत्या कचेरीतून बाहेर आली ती पायरीवरच बसली. म्हणाली, “म्हंजे लहान्यानं नव्हती खाल्ली?”

लहान्या धोडीची एकुलती वारस,
शितल