रूपरावांच्या पोळपाटांची वाटणी

मी, श्रीमती सुलोचना रूपराव ताकसांडे, वय ६८, धर्म बौद्ध, राहणार बोरगाव मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्याने टाकला असता तो नागपुरात असतो आणि त्याला याची खबर नाही. वकिलांनी एक छापील नमुना दिला होता, त्यात "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" असे शब्द होते. ते मी गाळले आहेत. बाकी नमुना चांगला होता. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याचा विचार नाही.

१. माझे पती कालकथित रूपराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत लाकूड कातायचा खराद बसवला आणि सागवानाचे पोळपाट-लाटणे करू लागले. मुलगा एकच, नागसेन. सून प्रेरणा, शाळेत शिकवते. माझ्यामागे या कागदाप्रमाणे सर्व काही करून घेण्याचे काम मी माझी मैत्रीण लीलाबाई भोयर, राहणार सिंदी रेल्वे, हिच्यावर सोपवते. लीलाबाई प्रामाणिक आहे पण फार विसरभोळी आहे. गॅसवर दूध ठेवून वर्ध्याची गाडी पकडते. हे माहीत असून तिला नेमले आहे. कारण शेवटी येईल.

२. पुढचे समजावे म्हणून नागसेनचे काम सांगते. तो फोनवरचा बाजार चालवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. बाजाराचे नाव अंगणबाजार. त्यात कोणाचे दुकान आधी दिसेल, कोणाचे मागे, कोणाकडून काय आणि कधी घ्यायचे, हे तो ठरवतो. ही नोकरी लागली तेव्हा त्याने जेवता जेवता आम्हाला समजावून सांगितले होते.

"पहिले विकणारे आणायचे. त्याइच्याकडून काहीच घ्यायचं नाई. मंग घेणारे येते. घेणारे आले का विकणारे कुठीच जात नाई. तवा पैसे लावायचे."

रूपराव म्हणाले, "हे तं मासोया धरणं झालं."

"बाबा, याले स्ट्रॅटेजी म्हणते."

रूपराव हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले पोळपाट त्याच्या हवाली केले. त्या बाजारात पहिला माल आमच्या घरातून चढला.

वर्षभर मागणी चांगली होती. पुण्यानाशिकच्या बायका लिहायच्या की पोळपाट जागचा हलत नाही. रूपरावांना वाचता येत होते, तरी ते मला चहाच्या वेळी मोठ्याने वाचायला लावायचे. मी शाळा दुसरीतच सोडलेली, वाचायला घरीच शिकले. माझे वाचन त्यांना ऐकायला आवडे.

मग एका वर्षी पोळ्याच्या सणानंतर मागणी बंद पडली. कमी नाही झाली, बंद पडली. रूपरावांनी दर रविवारी फोनवर नागसेनला विचारले, "कोणी काही बोलते काय रे आपल्या मालाबद्दल?" दर रविवारी त्याने सांगितले, "थोडं थांबा बाबा, येईल. माल तयार ठेवा."

यांनी माल तयार ठेवला. विकला जात नव्हता म्हणून अजून चांगला करायला लागले. आधी पाय बदलले. मग पाट पातळ केला. मग पुन्हा जाड केला. जुना पोळपाट नव्याशेजारी ठेवून बोटाने चाचपत बसायचे. एकदा लीलाबाई आली तर तिला पोळ्या लाटायला बसवले आणि स्वतः जमिनीला गाल लावून पोळपाट डगमगतो का ते पाहत राहिले.

लीलाबाई म्हणाली, "भाऊजी, पोळी गोल येऊन राह्यली. आता काय नाचू तिच्यावर?"

ते हसले नाहीत. बाजारात काही खोट असेल असे त्यांच्या मनातही आले नाही, कारण बाजार पोराने केलेला होता. मग खोट राहिली कुठे? हातात. एक दिवस त्यांनी खरादाला तेल दिले, वर पोते टाकले आणि खोलीचे दार ओढून घेतले. नंतरच्या थंडीत ते गेले. दवाखान्यात मला म्हणाले, "हात गेला माहा, सुलोचना." मी म्हटले, नाही गेला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी त्यांची बायको, मी तसे म्हणणारच.

३. ते गेल्यावर काही महिन्यांनी नागपुरात मोठ्या सभागृहात नागसेनचे भाषण होते. त्याने प्रेरणाला आणि मला मधल्या रांगेत बसवले. तो स्टेजवरून जे बोलला ते मला तोंडपाठ आहे.

"आम्ही अर्ध्या विक्रेत्यांना यादीत अगदी तळाशी ढकललं. वर येण्यासाठी ते जाहिरातीचे पैसे भरतात का, हे पाहायचं होतं. त्या गटात मी माझ्या वडिलांचंही दुकान टाकलं. इतर सोडून गेले असते. वडील जाणार नाहीत, हे मला माहीत होतं."

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या. प्रेरणा उठून बाहेर गेली. मी बसून राहिले, कारण गुडघ्यांमुळे मला रांगेतून चटकन उठता येत नाही. शेजारच्या बाईला वाटले मला अभिमान वाटतो आहे, तिने माझा हात दाबला.

गाडीत मी त्याला विचारले, "काऊन नाई सांगतलं त्याइले?"

"सांगतलं असतं तं त्याइनं मन लावून माल टाकला नसता. आकडे चुकले असते, आई."

"किती दिवसाचं होतं हे?"

"सहा आठवड्याचं."

"मंग?"

"मंग मले दुसरं काम आलं. ते बंद करायचं राहून गेलं."

"दोन वर्षं?"

"कोणी तक्रारच नाई केली, आई."

दर रविवारी विचारणारा माणूस त्याच्या लेखी तक्रार करणारा नव्हता. मी त्यानंतर या विषयावर त्याच्याशी बोलले नाही. जे बोलायचे ते खाली आहे.

४. राहते घर व जागा माझ्या नावावर आहे, ती मी सून प्रेरणा हिला एकटीला देते. प्रेरणाचा चहा पाणचट असतो, आणि मला आई म्हणताना ती आधी जरा थांबते. तरी त्या सभागृहातून उठलेली ती एकटी होती. नागसेनने या घरात तिच्या मर्जीने राहावे. पहिले सहा महिने त्याच्याकडून काही घेऊ नये. त्याचे सामान येऊ द्यावे, पुस्तके कपाटात लागू द्यावीत. मग प्रेरणाने भाडे लावावे, आणि वाटेल तेव्हा न सांगता वाढवावे. तेव्हा तो कुठेच जाणार नाही. ही पद्धत मला जेवताना समजावून सांगितलेली आहे.

५. खराद आणि सर्व पटाशा नागसेनने मागितल्या होत्या. कंपनीच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायच्या होत्या, खाली पाटी लावून. त्या त्याला मिळणार नाहीत. त्या सिंदीच्या चंदन मिस्त्रीला द्याव्यात. चंदन तोंडाचा फटकळ आहे, रूपरावांचे दोन रंधे नेऊन त्याने परत केले नाहीत, आणि मयतीला आला तेव्हा तोंडाला दारूचा वास येत होता. पण तो रोज खराद फिरवतो.

६. अंगणबाजाराच्या पहिल्या पानावर रूपरावांचा फोटो आहे. त्याखाली "आमचे पहिले कारागीर" असे लिहिले आहे. तो फोटो मी काढलेला आहे, पोळपाट घेऊन उन्हात बसलेले असताना. तो काढून टाकावा. जिवंतपणी ज्यांना तळाशी ठेवले, त्यांना मेल्यावर वर आणू नये.

७. मागच्या खोलीतले सर्व पोळपाट मी नागसेनला देते. हे त्याचेच आहेत, त्यानेच तयार ठेवायला सांगितले होते. ते फोनवर विकू नयेत, दान करू नयेत, कंपनीत वाटू नयेत. नागसेनने स्वतः वर्ध्याच्या आठवडी बाजारात बसून एकेक गिऱ्हाइकाच्या हातात देऊन विकावेत. बसण्याची जागा अगदी शेवटच्या टोकाला, जिथवर येण्याआधी गिऱ्हाईक परत फिरते. खाली खरादावरचे तेच पोते अंथरावे. वडिलांचे नाव सांगू नये, त्यांची गोष्ट सांगू नये. त्याला गोष्टी चांगल्या सांगता येतात आणि लोक टाळ्या वाजवतात. दिवसभर कोणी थांबले नाही तर पोळपाट उलटा करून पाय चाचपून पाहावा आणि खोट कुठे आहे ते शोधावे. शेवटचा पोळपाट विकला गेला की पोस्टातली माझी ठेव त्याची. तोपर्यंत तिचे व्याज विहारातल्या वाचनालयाला जाईल.

प्रेरणाने त्याच्यासोबत जाऊन बसू नये. डबा दिला तर हरकत नाही.

८. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने साधे करावेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नागसेनने बोलायचे नाही. त्याच्या हाती माइक देऊ नये. शेजारच्या अण्णाजी मून यांनी रूपरावांच्या विधीला अर्धा तास भाषण केले आणि त्यात त्यांचेच नाव दोनदा चुकवले. तरी बोलायचेच असेल तर त्यांनी बोलावे.

९. लीलाबाईला दोन गोष्टी देते. माझी निळी पैठणी, जी तिने तीन लग्नांत उसनी नेली. आणि एक उत्तर.

नागसेन माझा मुलगा आहे. मी गेल्यावर तो रडेल, खरे रडेल, आणि मग लीलाबाईला विचारेल, "मावशी, आई शेवटी माह्याबद्दल काही बोलली काय? तिनं मले माफ केलं काय?" मी माफ केले की नाही ते लीलाबाईला काल सांगितले आहे. आम्ही ओट्यावर बसलो होतो. तिने ऐकले, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्ताच सांगतो ना त्याले, फोन लाव." मी फोन लावला नाही.

त्याने विचारले की लीलाबाईने एवढेच म्हणायचे आहे: "थोडं थांब. येईल." पुन्हा विचारले तरी तेच. दर रविवारी विचारले तरी तेच. सहा आठवडे झाले की तिने त्याला माझे खरे उत्तर सांगून टाकावे.

तिच्या लक्षात राहिले तर. तिला कोणी आठवण करून देऊ नये.

हे सर्व मी वाचून, पुन्हा वाचून, कोणतीही ओळ न खोडता सही करत आहे.

सही: सुलोचना रूपराव ताकसांडे
ठिकाण: बोरगाव मेघे, वर्धा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

आम्हा दोघांसमोर सुलोचनाबाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: अण्णाजी मून, शेजारी. (कलम ८ वाचले. नाव एकदाच चुकले होते.)
साक्षीदार २: प्रभाकरराव झाडे, औषध दुकानदार, बोरगाव मेघे

मला वाचून दाखवले, समजले, जबाबदारी मान्य आहे. सुलोचनाने सांगितलेले उत्तर मी कुठे लिहून ठेवायचे नाही, असे तिने बजावले आहे. सहीखाली तारीख टाकायची मी विसरले होते, ती तिनेच टाकली.
लीलाबाई भोयर
९ नोव्हेंबर २०२५