पत्र्याच्या कपाळावरचं कुंकू

अहो,

प्रिय वगैरे लिहायला आज हात धजत नाही, म्हणून नुसतं अहो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय. तुमच्यासाठी नवा कागद फाडावा, इतका राग अजून उतरलेला नाही.

आज सकाळी वाडीहून सरपंच अण्णा आले होते, सांगलीत विश्रामबागेतलं आपलं घर विचारत विचारत. तुमच्या वर्षश्राद्धाला तुमचा यंत्रमानव देवळाच्या मंडपात काचेच्या कपाटात बसवणार आहेत. वर तुमचा फोटो, खाली कायमचं कुलूप. "वैनी, पडदा तुमच्या हातनं सरकवायचा. सरांनी आमास्नी देवच दिला," म्हणाले.

देव. ऐकलंत?

त्यांच्याबरोबर शालन होती, फौजी मारुतीची थोरली, यंदा दहावी झालेली. मी चहा टाकायला उठले तशी मागोमाग स्वयंपाकघरात आली. "काकी, त्याचा उजवा हात बंद पडलाय. आमचं तात्या म्हणत्यात, तू चालू करून दाखव, मग सांगलीला डिप्लोम्याला धाडतो. पण मला शिवू देत न्हाईत. गुरवबाबा म्हणतो, देवाला पाना लावतीस व्हय गं?"

तुम्ही असतात तर गुरवाला काय म्हणाला असतात? मला ठाऊक आहे. काही नाही.

कुणासाठी केला होतात तो? दर रविवारी पहिल्या एसटीनं कराड, तिथून पाटणच्या डोंगरातल्या त्या वाडीला, अर्धी वाट पायी. आठवडाभर कॉलेजात शिकवून घसा बसलेला, तरी जायचात. "तिकडच्या पोरांना विज्ञान पुस्तकात दिसतं, हाताला लागत नाही," हे तुमचंच बोलणं. जीपच्या वायपरची मोटार, सायकलची साखळी, आणि डोक्याला माझं माहेरचं पातेलं. पातेलं न विचारता नेलंत, तेही आज बोलून टाकते.

शाळेच्या ओट्यावर पोरं तो खोलायची, बिघडवायची, पुन्हा जोडायची. चिमुरडी शालन दातात स्क्रू धरून बसलेली मी पाहिलीय. तेव्हा तुमचा चेहरा बघून मला पातेल्याचं दुःख उरलं नव्हतं. खोटं कशाला सांगू?

मग गणपतीत त्याच्या हातात निरांजन कुणी दिलं?

पोरांनी बटण दाबलं, हात फिरला, आरती झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले. तिथवर ठीक. पण एका आजीनं पुढं होऊन पातेल्याला कुंकू लावलं, आणि मी तुमच्या कानाशी आले. "अहो, सांगा त्यांना, हे यंत्र आहे." तुम्ही म्हणालात, "राहू दे गं, कौतुक करतायत." कौतुक कुणाचं चाललं होतं? मोटारीचं?

पुढच्या रविवारी पोरं पक्कड घेऊन आली तर म्हाताऱ्यांनी हाकलली. तुम्ही हसलात. मग मुलींनी शिवायचं नाही असं ठरलं, तेव्हाही तुम्ही फळ्यावर चित्रं काढत राहिलात. शाल घेतलीत, नारळ घेतलात, फेटा तर वाकडा होऊ नये म्हणून एसटीत मान ताठ धरून आलात.

आणि हेच तुम्ही घरी माझ्या सोमवारांना हसायचात. "तुझा महादेव एकदा तरी बोलला का गं?" शेजारणींसमोर विचारायचात. मी गप्प बसायची. आता तुम्ही गप्प बसा, मी बोलते. मी मॅट्रिकपुरती शिकलेली बाई. पण देव कुठला आणि पत्रा कुठला, हे मला कळत होतं. तुम्हालाही कळत होतं, म्हणून तर राग येतो. देव उघडून बघायचा नसतो. यंत्र उघडून बघायचंच असतं. तुम्ही दोन्ही नासवलंत.

अण्णांना मी हो म्हटलंय. येते म्हटलंय. पडद्याचं काही बोलले नाही. शालनच्या हाती मात्र निरोप दिलाय, की पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं घेऊन मंडपात ये आणि पुढं बस.

आपल्या घरच्या गणपतीची उत्तरपूजा दर वर्षी झाली. अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची जराशी हलवली, की देव गेला, माती उरली. मग ती पाटावरून उचलायला कुणाचा हात अडत नाही. त्या यंत्राचीही तशीच उत्तरपूजा होईल. वाडीसमोर, यथासांग. विधवेच्या हातची चालत नाही म्हणाले तर गुरवाकडून करून घेईन. त्याला दक्षिणा मिळेल, तो नाही म्हणायचा नाही. त्यानंही नकार दिला, तर सांगेन की त्याच्यात देव होता असं माझ्या नवऱ्यानं कधी म्हटलेलं नाही, फक्त नाही म्हणायची हिंमत केली नाही. चारचौघांत तुमची लाज जाईल. जाऊ दे.

हात चालेल की नाही, मला माहीत नाही. मारुती शब्द पाळेल, फौजी आहे. नाहीच चालला, तर शालनला आपल्या घरी ठेवून घेईन, डिप्लोम्याचा प्रवेश मिळेपर्यंत मारुतीच्या मागे लागेन. हे वचन तुम्हाला नाही, तिला दिलंय. तुम्हाला नुसतं कळवतेय.

तुम्हाला देते ते वचन वेगळं. ती ते पातेलं उतरवेल तेव्हा मी शेजारी बसून राहीन. आत तुम्ही काय काय चुकीचं जोडून ठेवलंय, ते पोरीला दिसेल. मी झाकणार नाही. तेवढं तरी तुमच्याकडून तिला शिकू दे.

सुमन