तरोड्याचं घर विकताना

४ ऑगस्ट
बबलू आला नाही. घराला गिऱ्हाईक घेऊन दहाला येतो म्हणाला होता, एजंट ना तो. फोन केला तर, "काका, निघालोच." नंतर, "काका, भोकर फाट्यावर हाय." मग फोन बंद. त्याच्या घराहून माझ्या घरी यायला भोकर फाटा लागतच नाही!

मी एसटीत कंट्रोलर होतो. उभी नोकरी नांदेडच्या स्टँडवर माईकसमोर बसून "गाडी थोड्याच वेळात सुटेल" असं सांगण्यात गेली. लोक तेव्हा माझ्याकडे तसे का बघायचे, ते आज कळलं.

घर विकायला काढलं ते सिंधूसाठी. होळीला लातूरला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती तिथंच, तनुजाकडं. लेकीचं घर लहान, जावयाचे आईवडीलही तिथंच. मला जागा कुठं? त्याच इमारतीत खाली दोन खोल्या विकायच्या आहेत. मालक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणालाय. हे घर गेलं की त्या घ्यायच्या. म्हणजे म्हातारा-म्हातारी पुन्हा एका छताखाली.

शिवाय लातूर माझं. गंजगोलाईमागं आमची शाळा. सगळ्या कविता तिथंच पाठ झाल्या, अजून चालीसकट येतात. सिंधूला हे कितीदा तरी सांगितलंय.

५ ऑगस्ट
बबलू आला नाही.

१२ ऑगस्ट
बबलू आला! पार्टी घेऊन! अर्धापूरचे शेषेराव, केळीवाले. त्यांनी विचारलं, भिंत ओलते का? म्हटलं, हो, श्रावणात तो कोपरा ओलतो, ढगासारखा डाग पडतो. मग अंगणात पेरूखाली उभे राहिलो आणि चौथीतली झाडाची कविता तोंडात आली. आली म्हणजे आलीच — सगळी कडवी झाली. शेषेराव हात जोडून ऐकत होते. कविता संपल्यावर त्यांनी चपला घातल्या.

फाटकाबाहेर बबलू म्हणाला, "काका, पार्टी आली की तुम्ही नुस्तं हाव म्हणत जा. भिंत, पेरू, कविता, काहीच काढू नका."
"मग खोटं बोलू?"
"खोटं मी बोलून राहिलो की! तुम्ही चहा करा."

संध्याकाळी सिंधूला सांगितलं. वाटलं चिडेल. फोनवर किती वेळ हसत होती. "मधलं कडवं आठवलं का पण? दर वेळी अडकता तिथं."

२ सप्टेंबर
सिंधूचा फोन. आता काठीशिवाय मारुतीपर्यंत जाऊन येते म्हणे. पेरूला पाणी घालता का? शेजारच्या साखराबाईची सून बाळंत झाली का? मागचा नळ नीट केला का? म्हटलं, विकायच्या घराचा नळ कशाला नीट करायचा?
"तरी. टपकतो ना तो."
म्हटलं, बबलू म्हणतो या महिन्यात होईलच.
"म्हणतो का? बरं."

१० सप्टेंबर
बबलू: "काका, पितरपाट लागला. या दिवसांत कोणी बयाना देत न्हाई." श्रावणात म्हणाला होता, गणपती होऊ द्या. गणपतीत म्हणाला, गौरी उठू द्या. आता पितरं जेवू द्यायची.

त्याच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल. बबलू नव्हता. भिंतीवर माझ्या घराची जाहिरात होती — पत्ता माझा, फोटो कुणाच्या तरी दुमजली बंगल्याचा! फोनवर झापलं, तर म्हणतो, "काका, तुमच्या घराचा फोटो लावल्यावर कोण येईल?"



१५ सप्टेंबर
तनुजाचा फोन. "बाबा, खालच्या खोल्या दुसरं कोणी बघून गेलं. मालक आता थांबत नाही बघा. आईला सांगितलं तर नुसती 'बघू' म्हणते."

रात्रभर झोप नाही. त्या खोल्या गेल्या की आम्ही दोघं असेच. ती तिकडं, मी इकडं, मधे फोन.

२५ सप्टेंबर
देगलूरचे गुरुबसप्पा आले, सोबत बायको शरणम्मा. पोरगी इथं क्लासला घातलीय, म्हणून घर हवंय. दोघं आपसात कानडीत बोलत होते. मी नुसतं हाव म्हणत होतो. भिंतीचं विचारलं, तर मी चहा ठेवायला आत गेलो. शरणम्मानं स्वतःच कोपऱ्याला हात लावला. "हे ओलतंय की ओ." बबलू छताकडे बघत राहिला. त्याच पुढं म्हणाल्या, "असू दे. आमच्याकडं पण ओलतंय."

दसऱ्याला बयाना देतो म्हणाले. लातूरच्या खोल्यांच्या मालकाला लगेच फोन केला, तेवढे दिवस थांबतो म्हणाला.

सिंधूला सांगायचं नाही. दर वेळी "झालंच समज" म्हणायचं, दर वेळी तिनं "बरं" म्हणायचं — पुरे. आता रजिस्ट्री झाल्यावरच. घर माझ्या नावावर आहे, तिची सही लागत नाही. चकित होऊ दे!

दसरा
बयाना मिळाला. बबलू वेळेवर आला. आधी घड्याळ बंद पडलं की काय ते बघितलं.

८ ऑक्टोबर
रजिस्ट्री झाली!! बबलू सकाळपासून ऑफिसबाहेर नंबर धरून उभा. इस्त्रीचा शर्ट. "काका, म्हणलो न्हवतो का?"

गुरुबसप्पा म्हणाले, सामान हलवायला आठवडा घ्या. घरी येऊन सगळ्या खोल्यांतून एकदा फिरलो. पेरूला पाणी घातलं. वाईट वाटलं, पण फार नाही. सारखी सिंधू डोळ्यांपुढं येत होती. उद्या पहिल्या गाडीनं लातूर. पेढे घेतलेत.

९ ऑक्टोबर, लातूर
सांगितलं. सिंधूनं पेढा परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, "तुमचा जीव लातुरात, तुमची शाळा इथं, म्हणून मी नको म्हणले नाही. म्हटलं, काम बबलूकडं हाय, घर काय विकल्या जात न्हाई. दिवाळीला मी घरी येणारच होते. पिशवी भरून ठेवलीय."