सुईची सहाशे पावलं

मंगळवार, ४ मार्च

फसले! मावशी म्हणाली, "पाय मोडलाय बाईंचा, जरा भेटून ये." भेटायला गेले आणि आठ पोरं गळ्यात घेऊन परत आले.

बाई म्हणजे बेकरीच्या वरच्या खोलीत मुलांचं पथक चालवतात त्या. दर रविवारी, सकाळी साडेसहाला. गाठी मारणं, चूल पेटवणं, जखम बांधणं, नकाशा काढणं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं सामान वर चढवून देणं, असं काय काय. बेकरीचाच जिना उतरताना घसरल्या. घोटा गेला, सहा आठवडे प्लास्टर. प्रमुख त्याच, पण पोरांबरोबर फिरायला पायाने धड कोणीतरी हवं.

मी खरं ते सांगितलं. शिवण अर्ध्यात सोडलं, टायपिंग अर्ध्यात, नर्सिंगच्या वर्गाला तीन महिन्यांत रामराम. मला यातलं ओ की ठो येत नाही.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "म्हणजे मध्येमध्ये करणार नाहीस."

त्यांचा नियम एकच. मोठ्यांनी हात मागे बांधून चालायचं. मुलं चुकली तर चुकू द्यायची. रक्त नाहीतर खोल पाणी दिसलं, तरच तोंड उघडायचं.

बरं झालं, तोंड न उघडण्याचं काम मला कधी कोणी दिलं नव्हतं.

शुक्रवार, ७ मार्च

मावशीने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, भाचीच्या पायाला भिंगरी आहे म्हणून. पथकात प्रत्येकाला टोपणनाव असतंच, आता पोरं मला भिंगरी म्हणतात. ताई वगैरे काही नाही.

रविवार, ९ मार्च

वीस मिनिटं उशीर. निघाले होते वेळेवर — पण कोपऱ्यावर सायकलवाला वाकडं चाक सरळ करत होता. चाक फिरवायचा, खडूने खूण करायचा, एक तार आवळायचा, परत फिरवायचा. कोण हलणार तिथून!

उशिरा येणाऱ्याने अंगण झाडायचं, असा पोरांचा कायदा आहे. झाडलं. उंट माझ्यावर देखरेख ठेवून होता. वय चौदा, उंची नारळाच्या झाडाची.

आणि सुई. शिंप्याची मुलगी, अकरा वर्षांची, काडीसारखी. फारसं बोलत नाही. बोलली की टोचतं. आज तिने नकाशा काढला. कालव्याच्या पुलापासून तळ्यापर्यंत स्वतः पावलं मोजत गेली. पुलापासून सहाशे पावलं सरळ, मग डावीकडे. मी मागून जात होते आणि दोनदा तिचा आकडा चुकवायचा प्रयत्न केला. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी, सकाळऐवजी दुपारी बाराला, याच नकाशावरून सगळं पथक तळ्यावर जाणार, जेवण तिथेच रांधणार.

मंगळवार, ११ मार्च

बाईंनी आज खरी गोम सांगितली. तेवीस तारखेला मोठ्या ऑफिसातले निरीक्षक येणार. रजिस्टरमध्ये आठ सभासद हवेत. एक जरी कमी निघाला तर हे पथक बंद, आणि मुलांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पथकात जायचं. दोन बस बदलून. पहाटे! कोण पाठवणार?

आपल्याकडे आहेत बरोब्बर आठ. त्यात सुईच्या वडिलांनी अट घातलीय, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मुलगी दारात दिसली नाही तर तिचं पथक बंद.

मी दुकानात गेले, म्हटलं जरा धीर देऊ. शिंपीमामांच्या ओठांत टाचण्या, मान खाली. माझं वय विचारलं. एकोणीस म्हटल्यावर टाचण्या काढून मापांच्या वहीत खोचल्या.

"ही कात्री तुमच्यापेक्षा मोठी आहे."

मी सहाच्या आत आणीन असा शब्द देऊन आले. का दिला?

शनिवार, १५ मार्च

तळ्याकडची वाट तपासून आले. पडक्या भिंतीला खिंडार आहे, तिथून डावीकडे. पक्कं लक्षात आहे. येताना एका बाईच्या कोंबड्या पकडून दिल्या, तासभर गेला. एक कोंबडी अजून सापडायची आहे.

रविवार, १६ मार्च

पाय दुखताहेत पण लिहितेच.

पुलावर सगळे वेळेवर. मीसुद्धा! सुईच्या हातात नकाशा, पाठीवर तिच्याएवढंच पातेलं, मान वर होईना. म्हणून मोजायचं काम उंटाकडे दिलं. तो मोठ्याने मोजत निघाला. चारशेव्या पावलाला भिंतीचं खिंडार आलं. आणि हा पठ्ठ्या मोजत पुढे!

मी बघतच राहिले. चारशे पन्नास. पाचशे. हात पाठीमागे घट्ट. जीभ दातांखाली. रक्त नाही, पाणी नाही. सहाशेला त्याने थांबून डावीकडे बोट केलं. तिथेही एक वाट होती, सगळं पथक आनंदाने तिकडे वळलं. ती जाते तासभर लांबच्या दगडाच्या खाणीकडे.

शिंपीमामांचा चेहरा डोळ्यांसमोर. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. मनात दहा वेळा बोललेही.

खाणीच्या कडेला पोचलो, तळ्याचा पत्ता नाही. मग जी भांडाभांडी! नकाशा चूक, उंट चूक, सूर्य चूक. धाकटा तर म्हणाला, तळं कोणीतरी हलवलं. सुई मात्र बाजूला झाली. दगडावर बसून उंटाच्या चपलांकडे बघत बसली, बराच वेळ. मग उठली, आपला पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला आणि त्याला म्हणाली, एक पाऊल टाक. त्याने टाकलं. तेवढ्यासाठी तिला दीड टाकावं लागलं.

"माझी सहाशे म्हणजे तुझी चारशे," ती म्हणाली. "आपण दोनशे उंट पुढे आलोय."

सगळे खदाखदा हसले. उंटही. परत त्या वळणापाशी आलो, आणि तिथून त्याने मोजून दोनशे पावलं मागे नेलं — बरोब्बर खिंडारासमोर! तळं दिसल्यावर पोरं ओरडली त्याच्यापेक्षा मी जास्त ओरडले.

पण दुपार गेली होती. चूल पेटायला उशीर, भात करपला, तरी चाटूनपुसून संपवला. घरी पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं.

शिंपीमामा दुकानाच्या पायरीवर उभे. मी पुढे होऊन म्हटलं, चूक माझी आहे.

"तिची नाही, बाबा," सुई म्हणाली. "तिला वाट माहीत होती, पण तिने सांगितली नाही."

मेले! कार्टीने माझं तोंड वाचलं होतं.

"माहीत होती?" मामांनी मला विचारलं.

"हो."

"आणि पोरांना चुकू दिलंत?"

"हो. त्यांनीच शोधून काढली मग."

सुईने सगळं सांगितलं, पावलं कोणाची, मोजली कोणी. मामा गळ्यातल्या टेपशी चाळा करत ऐकत होते.

"माप एकाचं, कापड दुसऱ्याचं," ते म्हणाले. "फरक किती निघाला?"

"दीडपट."

हसू आलं होतं त्यांना, मी पाहिलं. पण मग म्हणाले, "शब्द तो शब्द. एक महिना रविवारी घरी. रजिस्टरातलं नावही काढायचं."

सुई रडली नाही. मला मात्र गल्लीच्या टोकापर्यंत दिसेनासं झालं होतं.

सोमवार, १७ मार्च

सगळं बाईंना सांगितलं. वाटलं, हाकलतील. त्या प्लास्टर खाजवत राहिल्या. "मी खिंडारापाशी बोलले असते," म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, अजून जमत नाही मला."

पण सात म्हणजे सातच. दोन दिवस दारोदार फिरायचं ठरवलंय, आठवा शोधायला.

गुरुवार, २० मार्च

कोणी मिळालं नाही. एकाला कराटे, एकीला गाणं, एकाला रविवारी दहापर्यंत झोप.

मैत्रिणीचा फोन. समुद्राकाठच्या हॉटेलात जागा आहे, सोमवारी ये. हो म्हटलं.

शनिवार, २२ मार्च

पोरांनी सभा भरवली आणि मला दाराबाहेर काढलं. "सभासदांचीच सभा आहे," उंट म्हणाला आणि कडी लावली. मी खाली जाऊन दोन पाव खाल्ले. तासाभराने सगळी मावशीकडे गेली, म्हणे पाणी प्यायला. सातही जण.

रविवार, २३ मार्च

निरीक्षकांनी रजिस्टर उघडलं. आठ नावं. आठवं माझं. वय एकोणीस, अट सात ते वीस आहे. पालक म्हणून मावशीची सही. माझ्या सहीची जागा कोरी.

"ही आठवी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. सात डोकी माझ्याकडे वळली.

नवीन सभासद वर्षभर पथक सोडणार नाही, असं खाली छापलेलं आहे. दोनदा वाचलं. सही केली.