सुरभीच्या पायांची सूज

वडनेर, ९ जानेवारी २०२४

चि. कोकिळा हीस पुंडलिकदादाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्रास कारण, एक गंभीर फिर्याद. तुझ्या भाचीने माझ्या चपला बळकावल्या आहेत. पाय असे टम्म सुजलेत की तिच्या स्वतःच्या चपलांनी सपशेल नकार दिला. परिणामी अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवणारा हा मनुष्य आठवडाभर न्हाणीतल्या रबरी स्लिपरा घालून शाळेत जातो आहे. गुरुपदाची एवढी विटंबना कुठल्याही स्मृतीत सांगितलेली नाही.

फोन कर, असं म्हणशील. पण दवाखान्यात ड्यूटीवर तू तो कपाटात कोंडतेस आणि घरी आलीस की स्वतः त्याला विसरतेस. पत्र तरी वाचतेस.

बाकी सुरभीचा आठवा महिना सुखरूप चालू आहे. बाळंतपण नाचणगावला तुझ्याकडे कर, म्हणून तू दोनदा सुचवलंस. पण पहिलं बाळंतपण बापाच्या घरी, ही रीत. तिची आई प्रमिला गेली म्हणून घर थोडंच गेलं? दोन दिवसांपासून सुरभीचं डोकं दुखतं, डोळ्यापुढं काजवे चमकून राह्यले म्हणते. मी तत्काळ निदान केलं: नंबर वाढला. काल सोमवारी तिला तपासणीला बोलावलं होतं, मागच्या खेपेला प्रेशर जरा जास्त होतं म्हणून. पण हिंगणघाटला चष्म्याचं आधी उरकलं. तपासणी येत्या सोमवारी करू.

हसू नकोस. लोभ आहेच, चपलांची सोय होईपर्यंत सहानुभूतीही असू दे.

तुझा,
दादा


नाचणगाव, २० जानेवारी २०२४

ती. दादास कोकिळेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गेल्या शनिवारी दुपारी हाती पडलं. चपलांपर्यंत हसले. काजव्यांपाशी पत्र तसंच टाकलं. फोन लावला तर तू ॲम्ब्युलन्समधून बोलत होता, की सुरभीले झटका आला, दातखीळ बसली.

वर्ध्याला दवाखान्यात सहा दिवस आपण दोघं होतो, पण बोललो कुठं? म्हणून लिहिते. वार आधीच गर्भाशयापासून सुटली होती. आपण पोचलो तेव्हा पोरीच्या पोटात बाळाचे ठोके नव्हते. तिथल्या सिस्टरांनी सुरभीले पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं, झटक्याचं इंजेक्शन दिलं, दर तासाला श्वास मोजला, लघवी मोजली, गुडघ्यावर ठोकून पाय उडते का पाहिलं. तू बाहेरून विचारलं होतं, त्या सारख्या तिले काऊन त्रास देऊन राह्यल्या. त्या त्रासानंच ती जगली, दादा.

तुझी चूक नाई, असं लिहायले बसली होती. लिहवलं नाई. सोमवारी तपासणीलेच जायला पाहिजे होतं. पण डिसेंबरात तूच फोनवर सूज सांगितली, तेव्हा पहिलटकरणीले येतेच, असं मी म्हटलं होतं. वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या बाईनं. तेही लिहून ठेवते.

आता ऐक. धोका टळला नाई, अजून काही आठवडे राहते. प्रेशरचं मशीन दिलं आहे, सकाळ-संध्याकाळ लाव. वरचा आकडा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा झाला, डोकं दुखलं, डोळ्यापुढं काही दिसलं, तर माझ्या पत्राची वाट पाहू नको, गाडी काढ. चौथ्या दिवशी तिले दूध आलं. पिळायचं नाई, थंड कापड ठेवायचं, आपोआप आटते. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, माझ्या मांडीत तोंड घालून, दोन तास. मी रडू दिलं. कोणी दुसरं होईल म्हणून समजवायले आलं तर दारातूनच वाटेला लाव.

जेवत जा. या बहिणीवर राग धरला तरी माया सोडू नको.

तुझी,
कोकिळा


वडनेर, २ फेब्रुवारी २०२४

चि. कोकिळेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या यंत्राविरुद्ध तक्रार आहे. सुरभीचा दंड बांधला की ते गुमान आकडा सांगतं: आज सकाळी एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. माझा बांधला की भुंकतं. शास्त्राने पक्षपात करू नये.

तुझ्या सर्व आज्ञा पाळल्या. परवा मात्र शेजारच्या सुलोचनाबाई दारात उभ्या राहिल्या. डिंकाचे लाडू पदराखाली झाकलेले. बाळंतिणीला द्यायचे, पण बाळ नाही तर द्यावे की न द्यावे, हे त्यांना कळेना आणि मला तर मुळीच कळेना. शेवटी सुरभीच उठून आली. काकू, मले लई भूक लागली, असं म्हणून तिथेच उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. सुलोचनाबाई डोळे पुसत गेल्या. नंतर मोरीत ते सगळं उलटलं, ते मी ऐकलं.

असं रोज चाललंय. मी जेवलो की नाही ते ती विचारते. नोकरीच्या गावी परतलेल्या जावयांना फोनवर सांगते, बाबांची काळजी करू नका, मी आहे. माझे शर्ट इस्त्री करते. नळ मोकळा सोडून बराच वेळ न्हाणीत बसते आणि तोंड धुऊन बाहेर येते, डोळे लाल, की बाबा, चहा ठेवू? त्या सोमवारबद्दल तिने एक शब्द काढलेला नाही. मी काढू गेलो तर विषय बदलते.

रीतीचा हट्ट मी धरला होता, मीच सोडतो. अकरा तारखेच्या रविवारी ये आणि तिला नाचणगावला घेऊन जा. तुझ्या मायेवर माझा अजून हक्क असेल, तर तो एवढ्यापुरता वापरतो.

प्रेशरची भीती आता उरली नाही, कोकिळे. मला दुखू नये म्हणून ती माझ्यासमोर रडत नाही. मी या घरात आहे तोवर ती रडणार नाही, आणि रडली नाही तर बरी होणार नाही, याची मला भीती वाटते.

दादा